अंकुराकडची अर्धुकं

बीला डोळा असतो. शेंगेला ती जिथे चिकटलेली असते, तिथला तो व्रण. त्याच्या शेजारीच सालीखाली अंकुर झोपलेला असतो. म्हणून घेवड्याची बी चिरताना पातं डोळ्यापासून लांब टेकवायचं. लांबचा तुकडा आपला, डोळ्याकडचा बीचा. आपला तुकडा वाटून त्याची पूड करायची. बीचा तुकडा, म्हणजे अंकुराकडचं अर्धुक, कागदाच्या घडीत, नंबर घालून, थंड खोलीत ठेवायचा. उद्या वाटलं तर तो मातीत लावता येतो आणि त्याचा वेल होतो. तपासलीही आणि जगलीही, अशी ती एकच बी.

हे मला वन्संनी शिकवलं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. बियांच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख, आणि मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले. पहिल्या आठवड्यात मी एक बी अख्खी वाटली. वन्सं ओरडल्या नाहीत. माझ्या हातातला खल काढून घेतला, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जिवंत बी संपवायची नाही. काही झालं तरी." एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढे वीस वर्षं मी एकही अख्खी बी वाटली नाही.

काम समजायला सोपं आहे, करायला किचकट. बी आपल्या अंकुरासाठी शिधा बांधून ठेवते, तो शिधा म्हणजे तिच्यातलं प्रथिन. पूड मिठाच्या पाण्यात कालवायची, वरचं नितळ पाणी काचेच्या दोन तावदानांमधल्या जेलच्या, म्हणजे गोठलेल्या पारदर्शक लगद्याच्या, एकेका घरात सोडायचं, करंट लावायचा. प्रथिनाचे लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. संध्याकाळी जेल निळ्या रंगात बुडवलं की एकाखाली एक रेघा उमटतात. त्या रेघांची नक्षी घराण्यागणिक वेगळी. माणसाने घेवड्याची बी मोठी केली, रंग बदलले, शेंग आपोआप तडकायची थांबवली. पण ही आतली नक्षी त्याला दिसतच नव्हती, म्हणून तिला त्याने हात लावला नाही. शेतातल्या घेवड्याचं माहेर रानात नेमकं कुठे, ते ह्या नक्षीवरून सांगता येतं.

आमच्याकडे दोन नक्ष्या होत्या. पूर्वेच्या डोंगरातल्या रानघेवड्याची एक, पश्चिमेच्या डोंगरातल्या रानघेवड्याची दुसरी. शेतातल्या काही जाती पूर्वेच्या नक्षीच्या, काही पश्चिमेच्या. सरळ विचार केला तर माणसाने घेवडा दोनदा, दोन जागी, वेगवेगळ्या वेलींपासून माणसाळवला. पण वन्संना ते कधी मान्य झालं नाही. आई एकच, असं त्यांचं म्हणणं. कुठेतरी एक जुना वेल असणार, ज्याच्या एकाच बीत दोन्ही नक्ष्या असतील, आणि दोन्ही डोंगरांवरची पिलावळ त्याचीच. तीस वर्षं त्या हे सभांमधून सांगत आल्या. लोक ऐकून घेत आणि मागे हसत. "मोठ्या बाईंची एक आई," असं म्हणत. मलाही एकाने जिन्यात विचारलं होतं, "सापडली का हो तुमच्या नणंदेची आई?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेची आई म्हणजे माझी सासू. घरीच असते, चहाला या."

आता माझ्या नेमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मी बोलत नाही. हा नेम मी देवाकडे एका मागण्यासाठी धरला होता. मागितलं ते मिळालं नाही, नेम राहिला. आता तो सुटला तर मलाच चुकल्यासारखं होईल. प्रयोगशाळा आठला उघडते, जेल साडेआठला भरावं लागतं, तेव्हा ते काम मी मुकाट्याने करते. सगळ्यांना सवय आहे. वन्सं मला 'मौनीबाई' म्हणतात, त्या हाकेत इतकी वर्षं माया होती.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता, एका सकाळी सव्वाआठला वन्सं माझ्या टेबलाशी आल्या. हातात आठ कुप्या होत्या, आत पांढरी पूड. एरवी बिया माझ्यापुढे पुडीत येत आणि मीच चिरत असे. म्हणाल्या, "वरच्या खिंडीतल्या बिया. काल तू लवकर गेलीस म्हणून मीच चिरल्या. अर्धुकं माझ्या खणात ठेवलीत. तू वहीत नंबर उतरवून घे नि जेल लाव." मी मान हलवली. पूड झाली की करडी बी काय नि काळी बी काय, सगळं सारखंच पांढरं दिसतं. मनात एकदा आलं की ह्यांनी स्वतः का चिरल्या असतील. पण नऊ वाजायला पाऊण तास होता. नऊनंतर करंट सुरू झाला होता आणि प्रश्न विझून गेला होता.

संध्याकाळी जेल निळ्यातून बाहेर काढलं. आठही घरांमध्ये दोन्ही नक्ष्या. पूर्वेच्या रेघा, त्यांच्यामधून पश्चिमेच्या, दोन फण्या एकमेकींत अडकवाव्यात तशा. मी काच उजेडापुढे धरली आणि घरं पुन्हा एकदा मोजली. वन्सं मागे उभ्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, सापडली." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. भरून आलं असेल, असं मला वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी देवापुढे बसून रडले, त्यांच्या तीस वर्षांसाठी.

ह्या शोधावरचा लेख छापून आला तेव्हा वन्संनी रविवारी जेवायला येताना त्याची प्रत आणली. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "वाच." तिथे लिहिलं होतं की बिया चिरण्याचं आणि जेलचं सर्व काम अमुक यांनी केलं. अमुक म्हणजे मी. माझं नाव छापलेलं मी लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हटलं, "पण ह्या आठ मी नव्हत्या चिरल्या."

"वीस वर्षांत हजारो चिरल्यास. आठांचा काय हिशेब करतेस?"

हे हसले. "घे ना, ताई प्रेमाने देतेय तर." मी घेतलं. ह्यांनी ते पान कात्रून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. साडी काढताना रोज दिसायचं.

महिना-दीड महिन्याने दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. 'बिया चिरणाऱ्या बाईंना' म्हणून माझ्याच नावाने. मजकूर अगदी नम्र होता. एकाच बीत दोन्ही नक्ष्या असतील तर तिच्या लेकरांमध्ये त्या वाटल्या जातील. काहींत पूर्वेची, काहींत पश्चिमेची, काहींत दोन्ही. ते आम्हाला वेल लावून पाहायचं आहे. आपण अंकुराकडची अर्धुकं राखता असं कळलं. आठांपैकी चार आम्हाला पाठवाल का, चार आपण लावा. आपलं आणि आमचं जुळलं की कुणी शंका घेणार नाही.

वन्सं तेव्हा आठवडाभर परगावी सभेला गेल्या होत्या. त्यांना किती आनंद होईल, ह्याच विचारात मी काचघरातल्या माळीकाकांना जाऊन सांगितलं, "चार कुंड्या तयार ठेवा. वेल चढायला काठ्याही."

"चारच? आईच्या मानाने फार कमी लेकरं," काका म्हणाले. मोठ्या बाईंची आई त्यांनाही ठाऊक होती. "चला, मी पण येतो. दर्शन तरी घेऊ."

थंड खोलीतला वन्संचा खण मी पहिल्यांदाच उघडला. आठ पाकिटं ओळीने लावलेली होती. पहिलं उघडलं. आत कागदाच्या दोन घड्या. एका घडीत करड्या ठिपक्यांच्या सालीचं अर्धुक, दुसरीत काळपट तपकिरी सालीचं. दोन्ही डोळ्याकडची, दोन्हींत अंकुर.

काका वाकून पाहत होते. "जुळी झाली वाटतं."

दुसरं पाकीट उघडलं. दोन. तिसरं, दोन.

"आठ घरं नि सोळा पाहुणे," काका म्हणाले.

एका बीला एकच अंकुर असतो. म्हणजे प्रत्येक कुपीत दोन बियांची पूड होती. घड्यांवर वन्संच्या बारीक, सरळ अक्षरात नंबर होते. एकावर पूर्वेच्या डोंगराचा, एकावर पश्चिमेच्या. तारखेसकट. खोटं केलं होतं, पण त्या खोट्याचा एकेक जिवंत तुकडा नीट घडी घालून, खरा नंबर लिहून ठेवला होता. ती अर्धुकं फेकून दिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. त्यांना फेकता आली नसणार. मलाही आली नसती. हात एकदा तसा घडला की तसाच चालतो.

मी खण लावून टाकला. थंडीने बोटं बधिर झाली होती. काका म्हणाले, "कुंड्यांचं काय करू?" मी म्हटलं, "राहू द्या."

बाहेर येऊन स्टुलावर बसले तेव्हा मला पहिल्यांदा सव्वाआठ आठवले. वन्सं प्रयोगशाळेत साडेनवाच्या आत कधी येत नाहीत. वीस वर्षांत त्या एकदाच लवकर आल्या होत्या, आणि मी विचारू शकणार नाही अशा वेळी आल्या होत्या. बियांचं खोटं एका बाजूला. माझ्या देवाशी असलेल्या बोलीचा त्यांनी आडोसा केला, हे मला गिळता येईना.

घरी गेले. पोळ्या करताना ह्यांना सगळं सांगितलं. बिया, घड्या, नंबर. हे कांदा चिरत होते, चिरतच राहिले. आश्चर्य वाटल्याचं एकही चिन्ह नाही. मी तवा खाली उतरवला.

"तुम्हाला माहीत होतं."

"ताई बोलली होती. छापायच्या आधी."

"आणि माझं नाव?"

"तिने विचारलं, तुझं नाव घालू का. मी म्हटलं घाल. तुला बरं वाटेल म्हणून."

"बरं वाटेल म्हणून?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "हे बघ, तिची दोन वर्षं राहिली निवृत्तीला. आयुष्य घातलंय तिने. तुझं तसं काय जाणार आहे? तू मदतनीस. लिहून टाक की चुकून दोन बियांची पूड एका कुपीत गेली. माणूस आहे, चुकतं. कुणी तुला फासावर नाही देणार. एक लेख मागे घेतील, संपलं."

"मी चुकले नाही."

"तेच म्हणतोय. चुकली नाहीस, म्हणून तुला ते जड जाणार नाही. तिला जाईल."

मला हे अजूनही पुरतं समजलेलं नाही. पण ह्यांनी ते इतक्या समजुतीच्या सुरात सांगितलं, की क्षणभर मीच हट्टी आहे असं मला वाटलं. तेवीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशीही नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ते पान तुम्ही कपाटाला लावलंत," मी म्हटलं. "रोज मी ते बघत होते नि तुम्ही मला बघताना बघत होतात."

मी उरलेल्या पोळ्या केल्या. भाजी त्यांनीच फोडणीला टाकली.

वन्सं सोमवारी परतल्या. त्याआधीच्या तीन दिवसांत मी पत्राचं उत्तर लिहिलं होतं, चार वेळा. पहिल्यात वन्संचं नाव नव्हतं. दुसऱ्यात त्यांच्याशिवाय काहीच नव्हतं. चौथ्यात मी फक्त जे झालं ते लिहिलं. त्यांच्या पाठीमागे ते पाठवणं मला जमणार नव्हतं. तसं केलं असतं तर त्यांचा सव्वाआठचा मार्ग मीही धरल्यासारखं झालं असतं. दुपारी त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि ते चौथं पत्र आणि सोळा घड्या टेबलावर ठेवल्या.

त्यांनी घड्यांकडे पाहिलं. पर्समधून चष्मा काढायला बराच वेळ लावला.

"खण का उघडलास?"

"त्यांनी अर्धुकं मागितली होती. तुमच्यासाठीच उघडला."

"मला फोन करायचास."

"तुम्ही काय सांगितलं असतंत?"

"उगवली नाहीत म्हणून कळव, असं." एवढं सरळ सांगितलं त्यांनी. मग खुर्चीत मागे टेकल्या. "मी ती पाहिलीय गं. खरंच पाहिलीय. तू यायच्या आधी. एक बी, दोन्ही नक्ष्या. तेव्हा आम्ही अख्खी बी वाटायचो. फोटो धुरकट आला आणि बी संपलेली. माझ्या गुरूंनी तो फोटो बघून विचारलं, दोन बिया तर नाही ना पडल्या? सगळ्यांसमोर. नव्हत्या पडल्या. त्या दिवसापासून अर्धं राखायला लागले." पुन्हा घड्यांकडे बघून म्हणाल्या, "वाटलं, होतं तेच तर दाखवतेय."

मला त्यांची दया आली. ती येऊ नये म्हणून मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले.

"ते तुमचं तुम्ही जाणा, वन्सं. माझ्या मौनात का आलात?"

त्या म्हणाल्या, "कारण तू विचारलं असतंस, तर तुझ्या तोंडावर खोटं बोलता आलं नसतं मला."

"म्हणून मला ते न बोलताच करायला लावलंत."

"तुझ्या नवऱ्याने काही सांगितलं नाही? चूक म्हणून—"

"सांगितलं. चूक माझी म्हणून लिहायला."

"मग?"

"पत्र वाचा."

त्यांनी वाचलं. पत्र लहान होतं. प्रत्येक घरात दोन बियांची पूड होती, एक पूर्वेची, एक पश्चिमेची. बिया मी चिरल्या नाहीत. प्रमुखांनी चिरल्या, नंबर त्यांच्याच अक्षरात आहेत, घड्या जशाच्या तशा पाठवत आहे. पूड तयार मिळाली तेव्हा मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. खाली सोळा नंबर.

वाचून झाल्यावर त्यांनी कपातली पेन्सिल उचलली. मला वाटलं खोडणार. त्यांनी नंबरांची यादी घड्यांशी ताडून पाहिली, एकेक, जीभ ओठांत धरून, जशा नेहमी पाहतात तशा. अकराव्या ओळीवर थांबल्या. "हा सत्तेचाळीस नाही, चौऱ्याहत्तर. उलटा उतरवलास." त्यांनी तो दुरुस्त केला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"मागितली नाही."

"आणि रविवारी येणार नाही."

"बरं."

मी घड्या गोळा करायला लागले. त्यांनीही दोन-तीन उचलून माझ्या ओंजळीत ठेवल्या. नंबर वर येतील अशा. दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "लेखातून तुझं नाव काढायला सांगू? तेवढं करता येईल मला. शिंतोडे उडायच्या आत."

मी दाराच्या कडीला हात लावून उभी राहिले. खरं सांगायचं तर मोह झाला. बिया चिरल्याचं तिथे खोटं लिहिलं होतं, ते जायलाच हवं होतं. पण उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं?

"चिरल्याचं तेवढं काढा," मी म्हटलं. "जेल मीच लावलं होतं. ते राहू द्या."

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातात घेऊन दाबून पाहिलं आणि विचारलं, "आत काय आहे?"

"बिया. दाबू नका, जिवंत आहेत."

त्यांनी पाकीट अलगद काट्यावर ठेवलं. मी पावती घेतली आणि परत कामावर गेले. टेबलावर सकाळच्या बिया तशाच पडल्या होत्या. दिवा ओढून घेतला आणि पहिलीचा डोळा शोधायला लागले. वन्संच्या खोलीचं दार संध्याकाळपर्यंत बंदच होतं. घरी जाताना त्यावर टकटक करून 'येते' म्हणायची माझी वीस वर्षांची सवय. त्या दिवशी मी दुसऱ्या जिन्याने उतरले.